हापूसवरील प्रयोग: प्लॉटमध्ये एक झाड पुरे की चार हवीत?

कलमवाला: हापूसच्या खतमात्रांचा प्रयोग आखताना दर प्लॉटला, म्हणजे एकच मात्रा द्यायच्या तुकड्याला, चार झाडे घेणे मला उधळपट्टी वाटते. चार मात्रा आणि पाच पुनरावृत्त्या (दर मात्रेचे पाच प्लॉट) धरल्या, तर ८० झाडे मोजूनही त्रुटीसाठी, म्हणजे मात्रेमुळे नसलेला फरक अजमावायला, स्वातंत्र्यांश (स्वतंत्र तुलना) मिळतात अवघे १२. याउलट एकेका झाडाचा प्लॉट करून दहा पुनरावृत्त्या घेतल्या, तर ४० झाडांतच ते २७ होतात. कलमांच्या काड्या एकाच मातृवृक्षाच्या असल्या तरी खुंट रायवळ कोयींचे असतात, त्यामुळे शेजारची दोन झाडेही सारखी निघत नाहीत, आणि अशा वेळी पुनरावृत्त्या वाढवणेच शहाणपणाचे.

कातळावरचा: आपण फक्त मोजणीची झाडे धरलीत. शेजारच्या झाडाची मुळे खत ओढतात, म्हणून मध्ये रक्षक ओळ, म्हणजे मोजणीत न धरायच्या झाडांची ओळ, सोडावीच लागते. ती दोन्ही बाजूंना सामाईक धरली तरी एका झाडाच्या प्लॉटला चार झाडांची जागा जाते आणि दोन-दोनच्या चौकोनाला नऊ झाडांची. म्हणजे आपल्या एका झाडाच्या प्लॉटांना १६० झाडे, चार झाडांच्या प्लॉटांना १८०. १० मीटर अंतराच्या लागवडीत हा फरक जेमतेम २० गुंठ्यांचा आहे. शिवाय खोडकिड्याने एखादे झाड गेले, तर आपला अख्खा प्लॉट बाद होतो.

कलमवाला: रक्षक ओळींचा हिशेब मान्य, खतापुरती माझी बचत फुगवलेली होती. फळांना कागदी पिशव्या घालण्याच्या प्रयोगाला मात्र अशी ओळ लागत नाही, तिथे माझे म्हणणे कायम आहे. झाड मेल्याचे भय तर मुळीच पटत नाही, कारण एक प्लॉट गेल्याने २७ चे २६ होतील, एवढेच.

नोंदवही: दोघेही एकाच हंगामाचा हिशेब मांडत आहात. हापूस वर्षाआड धरतो, त्यामुळे काही झाडे भराच्या आणि काही रिकाम्या वर्षात असताना प्रयोग सुरू झाला, तर खताचा गुण कोणता आणि झाडाची पाळी कोणती, हे कळणार नाही. आधीच्या दोन हंगामांची फळे झाडागणिक मोजून त्यांच्या बेरजेवर सारख्या झाडांचे गट पाडावेत आणि निष्कर्षही दोन-दोन वर्षांच्या बेरजेवरच काढावेत. आणखी एक, पॅक्लोब्युट्राझॉल (मोहोरासाठी मातीत घालायचे वाढरोधक) दिलेली झाडे तुलनेसाठी घेऊ नयेत, कारण त्याचा अंश जमिनीत टिकून राहतो.

कातळावरचा: झाडागणिक नोंदी किती बागायतदारांकडे असतात? बुंध्याचा घेर मोजून गट पाडणे एका दिवसात होते.

नोंदवही: घेरावरून झाडाचा आवाका कळतो; गेल्या साली ते मोहोरले होते की नाही, हे कळत नाही.