नदीतली जेट बोट समुद्रात न्यावी का? (क्राइस्टचर्च)

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी, मी मूळचा सांगलीचा, आता न्यूझीलंडला क्राइस्टचर्चला असतो. ओळखीतले एकजण १६ फुटी ॲल्युमिनियमची जेट बोट विकतायत, आत व्ही८ इंजिन, आजवर वायमाकरिरी आणि राकाया नदीतच फिरलीय. किंमत परवडतेय आणि पोरं तर आत्ताच बोटीत बसून आलीत. पण मला मासेमारीचंही वेड लागलंय, ब्लू कॉड माशासाठी समुद्रात जायचंय, सुट्टीत अकारोआच्या बंदरात फिरायचंय. दोन बोटी घेणं शक्य नाही. एकीतच दोन्ही भागेल का? विकणारे म्हणतात बिनधास्त न्या.

खाडीवाला
दादा, बिनधास्त अजिबात नको. ही बोट जन्मलीच उथळ नद्यांसाठी. बिल हॅमिल्टननं १९५० च्या दशकात मॅकेन्झी भागातल्या आपल्या मेंढ्यांच्या फार्मवर ती घडवली, तळाच्या जाळीतून पाणी ओढून मागे झोत सोडते आणि त्यानं पुढे जाते, खाली पंखा लोंबत नाही म्हणून वीतभर पाण्यातनं दगडगोट्यांवरून जाते, १९६० ला तर ह्या बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदी उलटी चढून गेल्या. पण त्यासाठी तळ जवळजवळ सपाट आणि कडा बुटक्या ठेवतात, आणि समुद्रात नेमकं तेच नडतं. जरा लाटा उठल्या की तळ असा आदळतो की पाठीचा मणका बोलायला लागतो. बोट लाटेवर उचलली गेली की तळाच्या जाळीतून पाण्याऐवजी हवा आत जाते, इंजिन किंचाळतं पण बोटीला जोर मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुकाणू नसतं, मागचा पाण्याचा झोत वळवला की बोट वळते, म्हणजे थ्रॉटल (इंजिनाचा ॲक्सिलरेटर) सोडला की वळणंच संपलं. वायमाकरिरीच्या मुखाशी जो बार (वाळूचा उथळ पट्टा) आहे तिथं ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि समोरून लाटा फुटत असतात. परत येताना मागून लाट आली, घाबरून थ्रॉटल सोडला, की बोट आडवी व्हायला वेळ लागत नाही. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीच्या तोंडावर काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. ह्या बोटीनं बार ओलांडायचाच नाही, एवढं माझं ऐका.

ग्रीसवाले हात
वरचं सगळं बरोबर, मी इंजिनाचं सांगतो. आधी हे विचारा की कूलिंग कसं आहे. नदीतल्या बऱ्याच बोटींत जेटमधूनच पाणी घेऊन थेट इंजिन ब्लॉकमधून फिरवतात, गोड्या पाण्यात चालून जातं, खाऱ्यात ब्लॉक आतून खात जातो. हीट एक्स्चेंजर, म्हणजे इंजिनात वेगळं बंद पाणी फिरवून ते बाहेरच्या पाण्यानं गार करणारा भाग, असेल तर पुढचं बोला. ॲल्युमिनियमच्या जेटमध्ये स्टीलचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) असला तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आधी झिजतं, म्हणून झिंकचे ॲनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) लावा आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवा, कितीही दमला असलात तरी त्याच दिवशी. आणि पेट्रोल इंजिन आत बंद जागेत असतं, चालू करण्याआधी ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) लावून पेट्रोलची वाफ बाहेर काढा, ह्यात आळस नको हो. हळूहळू गळ ओढत फिरायचं असेल तर जेट पेट्रोल पिते तेही धरून चाला.

लिटलटनची ताई
आमच्याकडे अशीच बोट आहे, ४ वर्षं लिटलटन आणि अकारोआ हार्बरच्या आतच वापरतोय आणि मजा येते, त्यामुळे अगदीच नाही म्हणू नका. पण एकदा केल्पचे (लांबलचक समुद्री शेवाळाचे) पट्टे जाळीत अडकले, इंजिन चालू तरी बोट हलेना आणि वारा खडकाकडे ढकलत होता, पोटात गोळा आला होता. मागे छोटी आउटबोर्ड (बाहेरून टांगायची पंख्याची मोटर) लावलेली होती म्हणून वाचलो. ती पहिल्या दिवसापासून लावा. व्हीएचएफ रेडिओ आणि प्रत्येकाला लाइफजॅकेट, पोरांना त्यांच्या मापाचं. सकाळी लवकर जायचं, कारण इथं दक्षिणेचा वारा आला की तासाभरात पाण्याचं रूप बदलतं. आणि अकारोआत हेक्टर डॉल्फिन दिसतील, ३०० मीटरच्या आत वेग अगदी कमी करायचा, नियमच आहे. न्यूझीलंडशिवाय कुठे नसतात ते, पोरांना नक्की दाखवा.

कृष्णाकाठचा
मनापासून आभार. विकणाऱ्यांना फोन केला, हीट एक्स्चेंजर नाही, नदीचं पाणी थेट ब्लॉकमध्येच जातं. ताई, तुम्ही नंतर बसवून घेतलात का आणि साधारण किती खर्च आला? तो आणि आउटबोर्ड धरून बजेटात बसलं तरच घेईन, आणि घेतली तरी हार्बरच्या बाहेर नेणार नाही.