पहिल्या वर्षाच्या पोरांना गेटसीएच शिकवणं बंद करा राव

कॉलेजरोडकर: डिप्लोमाच्या पोरांचे सी प्रोग्रॅमिंगचे क्लास घेतो, कॉलेज रोडला. दरवर्षी तेच, प्रोग्रॅमच्या शेवटी गेटसीएच (getch, एक बटण दाबेपर्यंत थांबणारं फंक्शन) ठोकलेलं, का रे विचारलं तर म्हणे सर स्क्रीन थांबते. अरे ते कोनिओ (conio.h) हेडर फाइलमधलं, सी च्या स्टँडर्डमध्ये नाहीच, लिनक्सवर जीसीसी कंपायलरला दिलं की हेडरच सापडत नाही म्हणून बोंब. एक अक्षर घ्यायचंय ना, गेटचार (getchar, स्टँडर्डमधलं फंक्शन) वापरा, विषय संपला.

सिडकोचा_पोऱ्या: कुठं संपला दादा? मेनूत आधी स्कॅनएफने (scanf, इनपुट वाचणारं फंक्शन) आकडा घेतला, मग "परत खेळायचं का, वाय की एन" म्हणून गेटचार टाकलं, तर काही दाबायच्या आतच गाडी पुढं, कारण आकड्यानंतरचा एंटर बफरमध्ये (टाइप केलेलं वाचेपर्यंत साठतं ती जागा) बसलेला, गेटचारने तोच उचलला. गेटसीएचला बटण दाबलं की काम, आणि विंडोजवर आजही चालतं. सापाचा गेम काय एंटर मारत खेळायचा?

कॉलेजरोडकर: वाय-एन साठी स्कॅनएफच घे, टक्के-सी (%c, एक अक्षर वाचायची खूण) च्या आधी एक स्पेस दे, मागचा एंटर गिळून टाकतो. आणि एंटरची वाट गेटचार नाही बघत, टर्मिनल (प्रोग्रॅम चालतो ती खिडकी) बघतं, आख्खी ओळ झाल्याशिवाय ते प्रोग्रॅमला काही देतच नाही. लिनक्सवर टर्मिओसमधून (termios, टर्मिनलची सेटिंग बदलायची सोय) आयकॅनॉन (ICANON, आख्ख्या ओळीसाठी थांबायची सेटिंग) बंद कर, मग खेळ साप.

सिडकोचा_पोऱ्या: घ्या! पोरांचं अजून स्ट्रक्चर झालं नाही आणि म्हणे टर्मिओस 😂

पंचवटीची_ताई: तुम्ही दोघं भांडा, आमच्या लॅबमध्ये तर एफफ्लश (fflush) फंक्शनला एसटीडीइन (stdin, म्हणजे कीबोर्डचं इनपुट) देऊन बफर साफ करायला शिकवलेलं. स्टँडर्डमध्ये ते अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही, एका कंपायलरवर चालेल, दुसऱ्यावर ढिम्म. आणि दादा, गेटचार शिकवताच आहात तर ते इंट (int, पूर्णांक) परत देतं हेही सांगा हो, पोरं उत्तर सरळ कॅरमध्ये (char, एका बाइटचा प्रकार) ठेवतात, मग ईओएफ (EOF, इनपुट संपल्याची खूण) ओळखताना घोळ. वर मराठी टाइप केलं तर अजून मजा, नुसतं "कि" यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) 6 बाइट, गेटचार एका वेळी एकच बाइट देणार.

सिडकोचा_पोऱ्या: बघा, गेटचारने पण एक अक्षर मिळत नाहीच 😜

कॉलेजरोडकर: ताईंचं इंटचं बरोबर, उद्याच फळ्यावर लिहितो. गेटसीएच मात्र माझ्या क्लासात नाही म्हणजे नाही, सापाचा गेम घरी करा.