ब्राउन एलमधील कडवटपणा नेमका कशाचा? मदत हवी आहे

नमस्कार. सुमारे ७ टक्के अल्कोहोलची, भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) घातलेली ब्राउन एल (तपकिरी रंगाची बिअर) पारखताना मी एका ठिकाणी अडलो आहे. फ्रिजमधून काढल्याबरोबर तिला केवळ संत्र्याच्या सालीसारखा वास येत होता. ग्लास थोडा वेळ तसाच ठेवल्यावर, साधारण १२ अंश सेल्सिअसला, करपू लागलेल्या साखरेचा आणि कोकोचा गंध वर आला, आणि तोच मला अधिक भावला. मात्र घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागे बराच वेळ रेंगाळणारा कडवटपणा हॉप्सचा की भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा), हे मला ठरवता येत नाही. माल्टचा कडवटपणा कोरडा, कॉफीसारखा आणि हॉप्सचा राळेसारखा असतो, हे ठाऊक आहे. येथे दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. ते वेगळे कसे ओळखावेत, आणि हॉप्सचा वास काळानुसार उतरत असल्याने गुण देताना बाटली किती जुनी आहे हे विचारात घ्यावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.