१४ साक्षीदारांचा खटला: तारखा आणि खर्च कमी कसा करायचा?

प्रश्न:
मारहाणीचा खटला, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. चार्ज नुकताच फ्रेम झालाय (म्हणजे आरोप निश्चित झालेत), यादीत १४ साक्षीदार. समन्स निघतं, साक्षीदार येत नाही, पुढची तारीख पडते. दर तारखेला वकिलाची फी आणि बुडालेला रोज. आरोपीकडून काय करता येईल?

प्रतिसाद १:
यादी छाटा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम ३३० त्यासाठीच आहे (खटला १ जुलै २०२४ आधीचा असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २९४). सरकार पक्षाचा कागद खरा असल्याचं मान्य केलं की सही शाबित करायला साक्षीदार लागत नाही, कागद थेट पुराव्यात वाचला जातो. नव्या कायद्यात कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत मान्य-अमान्य कळवायचं. मुदत टळली असेल तर कोर्ट कारण नोंदवून सवलत देऊ शकतं.

पण सरसकट ‘सगळं मान्य’ अशी पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देऊ नका, त्यात फार नुकसान होतं. उदाहरण म्हणून डॉक्टरचा दुखापतीचा दाखला बघा. ‘आरोपी तिथे नव्हताच’ असा बचाव असेल तर डॉक्टरला बोलवून काही हाती लागत नाही, दाखला मान्य करा. ‘जखम पडून झाली’ असा बचाव असेल तर डॉक्टरचा उलटतपास हाच तुमचा आधार, तो सोडू नका. जप्ती पंचनाम्यावर वाद असेल तर तोही अमान्यच ठेवा.

प्रतिसाद २:
आधी रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीची) नक्कल काढा आणि तारीख नक्की कशामुळे गेली ते बघा. समन्स बजावलंच नसेल तर बजावणीच्या अहवालात कारण असतं: पत्ता चुकीचा, नाहीतर अंमलदाराची बदली. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या कागदासाठी कलम ३३६ खाली त्याच्या जागी आलेला अधिकारी साक्ष देऊ शकतो. साक्षीदार हजर असताना तहकुबी (पुढची तारीख) मागू नका. ३४६ खाली आवाक्याबाहेरचं कारण असलं तरी एका पक्षाला दोनच तहकुब्या, आणि ‘वकील दुसऱ्या कोर्टात आहेत’ हे कारण चालत नाही. तहकुबी मागणाऱ्याला खर्च भरायचा आदेशही होऊ शकतो.

प्रतिसाद ३:
बुडणाऱ्या रोजासाठी: वकील हजर असतील तर कलम ३५५ खाली हजेरी माफीचा अर्ज द्या. आरोप फक्त भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा) कलम ११५(२) चा, म्हणजे साध्या दुखापतीचा असेल तर जखमी व्यक्तीशी तडजोड करता येते, कोर्टाची परवानगीही लागत नाही. आरोपी महिला, अनुसूचित जाती-जमातीतली किंवा कोठडीत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.