अनुभव धागा: संबंधाच्या वेळी दुखायचं, शेवटी कारण काय निघालं?

धागाकर्ती, नाशिकरोड:
मैत्रिणींनो, नावं नकोत, एरियाचं नाव टाका बस. मीच सुरू करते. मला सुरुवातीला काही नाही, पण आत खोलवर, ओटीपोटात ठोसा बसल्यासारखं, आणि नंतर दोन तास गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून. सासूबाईंनी विचारलं की म्हणायचे मिसळ बाधली, आठवड्यात तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी घरात मिसळच बंद केली. पाळीत तर संडासला बसतानाही कळ. दोन सोनोग्राफ्या नॉर्मल, एक डॉक्टर म्हणाल्या मूल झालं की जाईल. तिसरीकडे दुर्बिणीतून बघितलं तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर, माझं मागे आतड्याजवळ चिकटलेलं. सोनोग्राफीत ते दरवेळी दिसत नाही म्हणे. तेवढं काढलं, आता डायनोजेस्ट म्हणून हार्मोनची गोळी रोज. बारा आणे फरक आहे.

सिडको:
माझं उलटं, आत काही जायचंच नाही, भिंत असल्यासारखं. चौदा महिने मी धरून चालले होते की माझ्यात रस्ताच नाहीये. डॉक्टरांनी तपासायला नुसतं बोट टेकवलं तर मी टेबलावर वर सरकले, त्या बिचाऱ्या तिथंच थांबल्या. वजायनिस्मस निघालं. डोळ्याजवळ हात आला की पापणी मिटते ना, तसे खालचे स्नायू आपोआप आवळतात, आपण मुद्दाम करत नाही. फिजिओथेरपी, श्वासाचे व्यायाम आणि डायलेटरचा सेट, म्हणजे आत घालून हळूहळू सवय करायच्या लहान-मोठ्या गुळगुळीत कांड्या, त्यातली पहिली करंगळीएवढी. कुरिअर आलं तेव्हा नणंद समोर, पटकन म्हटलं रांगोळीचे साचे आहेत. दिवाळीत मागायला आली ना ती!! पाच महिने लागले पण जमलं. "अगं रिलॅक्स हो" म्हणणाऱ्या सगळ्यांना कोपरापासून नमस्कार.

इंदिरानगर:
बाळ सात महिन्यांचं. मला वाटलं टाका आत राहिला. टाके चांगले भरलेत, अंगावर पाजतेस म्हणून इस्ट्रोजेन हार्मोन कमी आणि म्हणून कोरडं, असं डॉक्टर म्हणाल्या. वॉटर बेस्ड जेलने भागतंय. खोबरेल तेल कंडोमसोबत लावू नका, रबर कमजोर होतं, आम्हाला माहीत नव्हतं, पुढची पाळी येईपर्यंत जीव टांगणीला.

सातपूर:
दह्यासारखं पांढरं जायचं, खाज, आग. मेडिकलमधून तीनदा ट्यूब आणली, बरं वाटायचं आणि परत सुरू. नंतर कळलं त्यात स्टिरॉइड होतं. शेवटी रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर २१०. साखर आटोक्यात आली तेव्हा बुरशी गेली.

पंचवटी:
वय ५४, भाची टाईप करतेय. (हो मावशी, जसंच्या तसं लिहितेय.) पाळी जाऊन चार वर्षं झाली, आतून कोरडं ठाक, सॅंडपेपर घासल्यासारखं. एक बाई म्हणाल्या आता या वयात काय करायचंय. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, तुम्हाला किंवा घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता का, मग आतून लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली, आता आठवड्यातून दोनदा. लघवीची जळजळही गेली. यजमान लाजतात, पण खूश आहेत.

पिंपळगाव:
ताई, डॉक्टरसमोर माझं तोंडच उघडत नाही हो. द्राक्षाची काढणी चालूय, नाशिकला एकच खेप होईल, काय बोलू?

धागाकर्ती, नाशिकरोड:
कागदावर लिहून ने. तोंडाशी दुखतं की खोलवर, पहिल्यापासून की आत्ताच, पाळीत वाढतं का, पांढरं जातं का, लघवीला जळजळ आहे का. बोलायचं नसेल तर कागद नुसता पुढे सरकव, मी तेच केलेलं. आणि संबंधानंतर रक्त दिसत असेल तर ते पहिल्या ओळीत लिही, मग काढणी संपायची वाट बघू नको.

पिंपळगाव:
दिसतं कधीकधी. उद्या सकाळच्या एसटीने येते.