मदत हवी आहे: गवतगंजी आतून तापली आहे आणि म्हशीच्या शेपटीचं टोक काळं पडलंय

नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याच्या अंगाला. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला, घरी आप्पा, आई आणि चार जनावरं: दोन म्हशी, एक गाय, एक रेडकू. दोन प्रश्न आहेत, पण मला वाटतंय ते एकच असावेत.

यंदा इंटान जातीचं भात कापून शिवारात पसरलं होतं आणि त्यावर दोन दिवस पाऊस पडला. उलटंपालटं करून वाळवलं, मळणी केली. पण पिंजर (भाताचं काड) हाताला अजून मऊच लागत होतं. आप्पा म्हणाले, आणि चार उनं खाऊ दे. माझी सुट्टी संपत आलेली, आभाळ भरून आलेलं. मी घाई करून गंजी रचायला लावली, वर नवी ताडपत्री ओढून दोरीनं आवळून टाकली. चूक माझीच आहे, त्यावरून घरात ऐकून झालंय, इथं पुन्हा नको.

आता पहाटे गंजीवर वाफ दिसते. बाजूनं हात घातला की आत कोमट लागतं, वास गुळाच्या काहिलीसारखा गोडूस. वरची पिंजर चांगली पिवळी आहे. हातभर आत गेलं की करडी, पांढरट बुरशी आणि झटकली की धूळ उडते. आम्ही "वरचं बरं आहे" म्हणून तीन-चार आठवडे तेच घालत होतो.

चार दिवसांपूर्वी धार काढताना आईच्या लक्षात आलं की पंढरपुरी म्हशीच्या शेपटीचं टोक गार पडलंय. गोंडा ओला नसतानाही गार. आता टोकाची तीन-चार बोटं काळी, वाळल्या चामड्यासारखी झालीत, चिमटा काढला तरी तिला कळत नाही. मागच्या एका पायाच्या खुराच्या वर सूज आहे, लंगडते. ताप नाही, रवंथ करते, दूध मात्र निम्म्यावर आलंय. शेजारचे काका खुरकूत म्हणून मोकळे झाले. तोंडात फोड नाहीत, लाळ नाही. दुसरी म्हैस आणि गाय ठीक दिसतात.

डॉक्टर उद्या येतो म्हणालेत. तोवर काय करू? आणि एवढी गंजी, म्हणजे पावसाळ्यापर्यंतची वैरण, फेकायची का?

घाटमाथा: आधी एक काम करा, आजपासून ती पिंजर कुठल्याच जनावराला घालू नका. वरची बरी दिसणारीसुद्धा नाही. तुम्ही सांगता ते देगनाळ्यासारखं वाटतंय. पंजाबात, आता पाकिस्तानात गेलेल्या भागात, रावीला मिळणारा देग नाला आहे, त्या भातपट्ट्यातल्या म्हशींत हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला म्हणून हे नाव. ओल्या पिंजरीवर फ्युजेरियम जातीची बुरशी वाढते, तिचं विष रक्तवाहिन्या आकसवतं. मग रक्त टोकापर्यंत पोचत नाही: शेपटी, कानाची टोकं, खुरं. थंडीच्या दिवसांत आणि म्हशींना जास्त. कान तपासलेत का? सकाळी कानाची टोकं चिमटीत धरून बघा, गार लागतात का.

सूज असेल तिथं कोमट पाण्यानं शेका. गार पाणी मारू नका, खुरकूत समजून लोक तेच करतात. डॉक्टर बहुतेक पाच सल्फेटांचं मिश्रण देतील (लोह, तांबं, जस्त, कोबाल्ट, मॅग्नेशियम). मात्रा त्यांनाच ठरवू द्या, त्यातलं मोरचूद (तांब्याचं सल्फेट) घरी अंदाजानं घालायची चीज नाही. डॉक्टर उशिरा येणार असतील तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन लावा.

मूळ प्रश्नकर्ता: कान बघितले. डावा टोकाला गार आहे. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही काय जन्मभर काळी पिंजर घातली नाही काय?" घातली असेल. पण तेव्हा कुणी ताडपत्री आवळत नव्हतं.

दुधकट्टा: गंजीचं सांगतो. कोमट लागतंय तोवर ठीक, पण घाईनं उपसू नका. लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, पंधरा मिनिटं राहू द्या. बाहेर काढल्यावर मुठीत धरवली तर चिंता नाही. चटका बसून सोडावी लागली तर आत साठ अंशांच्या आसपास किंवा वर असेल. अशी गंजी एकदम उघडली की वारा आत शिरून पेट घेते. आमच्याकडं लोक म्हणतात कुणीतरी मुद्दाम काडी लावली. कधी लावलेली असतेही. पण ओली रचलेली गंजी आपली आपण जळू शकते. आधी पंप जोडून, नळी भरून ठेवा, गोठ्यापासून लांबच्या बाजूनं थोडं थोडं ओढा, एकट्यानं वर चढू नका, आत पोकळ झालेली असते.

तिलारीकाठ: युरिया प्रक्रिया करून वाचवता येईल का ही पिंजर?

घाटमाथा: त्यासाठी कोरडी, स्वच्छ पिंजर लागते. १०० किलोला ४ किलो युरिया, ५० ते ६० लिटर पाण्यात विरघळवून थरावर थर शिंपडायचा आणि २१ दिवस हवाबंद. अमोनियानं नवी बुरशी रोखली जाईल, पण आधीच तयार झालेलं विष जाईल याची खात्री कोण देणार? शिवाय सहा महिन्यांच्या आतल्या वासराला ती चालत नाही. काळी झालेली शेणाबरोबर उकिरड्यात टाका, खत चांगलं होईल. जनावराखाली अंथरू नका, ती तोंड घालतातच.

दुधकट्टा: वैरणीला सध्या चिकोडी, हुक्केरीकडं ऊसतोड चालू असेल, वाडं (उसाचे हिरवे शेंडे) मिळेल. पण नुसतं वाडं नको. त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला चुना (कॅल्शियम) अडवून धरतं, दुभत्या म्हशीचं दूध आणि हाडं दोन्ही ढासळतात. अथणीकडचा कडबा मिळाला तर मिसळून द्या, आणि आंबोणात खनिज मिश्रण घाला.

मूळ प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. शेपटी बघायच्या आधी त्यांनी गंजीतली मूठभर पिंजर मागितली, वास घेतला आणि म्हणाले, "बूष्टु हुल्लु." बुरशीचं गवत. पुड्या दिल्या, त्यांवरचं सगळं कन्नडमध्ये. मला अडखळत वाचता येतं, शेवटी शेजारच्या सातवीतल्या पोरीनं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोनदा म्हणून घेतलं.

गंजी रविवारी काढली. सळई मुठीत धरवली, पण जेमतेम. मधोमध पिंजर तंबाखूच्या रंगाची आणि दाबलेल्या विटेसारखी झाली होती, फावड्यानं तोडावी लागली. वाफ अशी आली की आप्पा दोन पावलं मागं सरले आणि काही बोलले नाहीत. निम्मी उकिरड्यात गेली.

घाटमाथा: म्हैस कशी आहे? आणि पुढच्या वर्षी रचायच्या आधी मिठाची परीक्षा घ्या. कोरड्या काचेच्या बरणीत बोट-दोन बोटं लांबीचे पिंजरीचे तुकडे, त्यावर तव्यावर भाजून गार केलेलं मूठभर मीठ, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर पिंजर रचायला कोरडी. काचेला चिकटून गोळे झाले तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे. गंजीचं बूड दगड-लाकडांवर घ्या, आणि ताडपत्री पहिले काही दिवस फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या.

मूळ प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनी): मिठाची परीक्षा विकत घेतलेल्या पिंजरीवर केली. विकणारा हसत होता, तिसऱ्या गाडीचं मीठ बरणीला चिकटल्यावर हसायचा थांबला. ती गाडी घेतली नाही.

म्हशीची सूज उतरली, लंगडणं गेलं, कान वाचला, दूधही हळूहळू वाढतंय. शेपटीचं टोक गेलं, चार बोटं, गोंड्यासकट. आईला तेच लागलंय. म्हणते पाडव्याला मोरपिसं कशाला बांधायची आता. मी म्हटलं शिंगांना बांधू, तिची शिंगं मानेच्या मागं पार पाठीपर्यंत आहेत.

आता नवीन अडचण. उन्हाळ्यात गोमाश्या आल्या की गोंड्याशिवाय ती वारणार कशानं? धुरी सोडून काही उपाय कुणी केलाय का?