मदत हवी आहे : नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या भेटीवर किती खर्च करावा?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला थोड्याच महिन्यांत पन्नास पूर्ण होतील. भेट काय द्यायची हे मनाशी पक्कं आहे : दुर्बीण, आकाश बघायची. अडलंय ते किती खर्च करावा इथे. आकडे देत नाही, कारण प्रत्येकाची मिळकत वेगळी आणि आकडा दिला की चर्चा त्याच्याभोवतीच फिरते. आमच्या घरात महिन्याला जेवढी बचत होते, त्या मापात सांगते.

6 इंची आरशाची साधी दुर्बीण आमच्या एका महिन्याच्या बचतीत बसते. 8 इंचीला जोडसामानासह दोन महिन्यांची बचत लागेल. आणि 10 इंची, स्वतःहून ग्रह-तारे शोधून देणारी घ्यायची म्हटली तर चार महिन्यांची. दुकानांच्या याद्या बघताना माझं बोट दर वेळी त्या शेवटच्या दुर्बिणीवर थांबतं, आणि मग पोटात गोळा येतो.

आधी त्याच्याबद्दल सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. त्याच्याकडे एक जुनी 10×50 ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची, हातात धरायची दुर्बीण) आहे. जेवणं झाली की तो गच्चीवर जातो, कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवतो आणि हात हलू नयेत म्हणून श्वास रोखून गुरूकडे बघत राहतो. मग मला हाक येते, "अगं ये, आज तीनच दिसतायत, चौथा मागे गेलाय." मला त्यात तीन बारीक ठिपके दिसतात. त्याला उपग्रह दिसतात, कोण कुठल्या बाजूला सरकला तेही कळतं. शनीची कडी मात्र त्या द्विनेत्रीतून सुटी दिसत नाहीत, शनी नुसता लांबट भासतो, आणि ही रुखरुख त्याने अनेकदा बोलून दाखवली आहे. कडी 2025 मध्ये आपल्याला नेमकी कडेवरून दिसत होती, त्यामुळे जवळजवळ नाहीशीच झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जाऊन 2032 च्या सुमारास सगळ्यात छान दिसतील. म्हणजे घ्यायची तर हीच वेळ.

त्याने स्वतः का घेतली नाही? ऐपत नव्हती असं नाही. दोन-तीनदा अगदी घ्यायच्या बेतात आला आणि "एका हौसेवर एवढे पैसे?" म्हणून मागे फिरला. मुलीच्या शिक्षणाचा खर्च पुढच्या वर्षी सुरू होतोय, घराचं कर्ज अजून चालू आहे. आणि वाढदिवसाला काय हवं विचारलं की उत्तर ठरलेलं : "मला काही नको."

आता खरी गुंतागुंत. आमचं खातं एकत्र आहे. मी कितीही प्रेमाने दिलं तरी त्यातले निम्मे पैसे त्याचेच. जी गोष्ट तो स्वतःसाठी घेत नाही ती मी त्याच्याच पैशातून घेऊन त्याच्या हातात ठेवायची, याला भेट म्हणायचं का, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. मग रिचर्ड थेलर यांचं एक उदाहरण वाचनात आलं (2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले). 1985 च्या एका निबंधात त्यांनी लिहिलंय की एका गृहस्थांना दुकानात एक उंची स्वेटर आवडतो, पण फार महाग म्हणून ते घेत नाहीत. त्याच महिन्यात बायको तोच स्वेटर वाढदिवसाला देते आणि ते हरखून जातात. दोघांची खाती एकत्रच! थेलर यांचं म्हणणं असं की माणूस मनातल्या मनात पैशाचे कप्पे करतो, आणि चैनीच्या कप्प्याला स्वतः लावलेलं कुलूप भेट म्हणून आलेल्या वस्तूला लागू होत नाही. वाचून जीव भांड्यात पडला, कारण ते गृहस्थ म्हणजे हुबेहूब आमच्या घरातलेच. म्हणजे एकत्र खात्यातून दिलेली भेटही भेटच असते. पण ते उदाहरण स्वेटरचं आहे. चार महिन्यांच्या बचतीची वस्तू बघूनही तो हरखेल, की आधी मुलीची फी आठवेल?

जवळच्या माणसांना विचारून झालं. नणंद म्हणते, दादा आयुष्यभर सगळ्यांसाठी झिजला, आता हात आखडू नकोस. तिचं मन मला समजतं. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, अशा मोठ्या प्रसंगाला एका महिन्याचा पगार हा नियमच आहे. हा नियम आला कुठून ते शोधलं, तर साखरपुड्याच्या अंगठीसाठी महिन्याच्या पगाराचं माप हिऱ्यांच्या जाहिरातींनी रुजवलेलं निघालं. 1980 च्या दशकात तर डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिराती थेट दोन महिन्यांच्या पगाराची भाषा करत होत्या. विकणाऱ्याने ठरवलेलं माप माझ्या घराला का लावायचं? शिवाय पगार हे मापच मला चुकीचं वाटतं. पगारातून घर चालतं. हौस बचतीतून होते, म्हणून मोजायचं तर बचतीशी मोजावं.

याच शोधात फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांचं 2009 चं संशोधन सापडलं. देणाऱ्याला वाटतं की भेट जितकी महाग तितकं समोरच्याला तिचं कौतुक जास्त वाटेल. घेणाऱ्यांच्या बाजूने मात्र किमतीचा आणि कौतुकाचा असा संबंध दिसला नाही. हे वाचल्यावर मी स्वतःला विचारलं, 10 इंचीवर बोट का थांबतं? प्रामाणिक उत्तर असं की खोकं उघडताना त्याचा चेहरा कसा होईल तेच माझ्या डोळ्यापुढे येतं. पण खोकं एकदाच उघडायचं असतं. गच्चीवर दुर्बीण रोज न्यायची असते, आणि आमच्याकडे शेवटचा जिना अरुंद आहे, तिथे लिफ्ट जात नाही. 10 इंचीचं वजन बैठकीसह (म्हणजे खालच्या स्टँडसह) 25 किलोच्या बरंच पुढे जातं. नळी सव्वा मीटर लांब. दोन खेपांत न्यावी लागेल, आणि पन्नाशीतल्या कमरेचा विचार मीच करायला हवा.

दुसऱ्या बाजूने बघितलं तर आरसा मोठा म्हणजे प्रकाश जास्त, आणि तो नुसत्या इंचांच्या हिशेबात वाढत नाही, क्षेत्रफळाच्या हिशेबात वाढतो. 6 इंचीच्या तुलनेत 8 इंची पावणेदोन पटीहून थोडा जास्त प्रकाश गोळा करते, 10 इंची जवळजवळ पावणेतीन पट. चंद्र, गुरू, शनी यांना 6 इंचीही छान पुरते. अंधुक दीर्घिका बघायच्या तर मोठा आरसा हवा, पण त्याला आकाशही काळंभोर हवं. आमच्या गच्चीवर दिव्यांचा उजेड एवढा असतो की मोठ्या आरशातूनही त्या फिकटच दिसतील. म्हणजे चौपट पैसे मोजून जे मिळतं त्यातलं बरंचसं घराबाहेर पडल्याशिवाय वापरताच येणार नाही.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवते, थोडी नाजूक आहे. माझी पन्नाशी त्याच्या पाठोपाठ येतेय. मी चार महिन्यांची बचत खर्च केली तर तोही तेवढा करेल, केल्याशिवाय राहणारच नाही, आणि तेव्हा मुलीचं शिक्षण ऐन भरात असेल. आज मी जो आकडा ठरवीन तो पुढे दोघांच्या डोक्यावर बसणार.

तर मंडळी, तुमच्या घरी असे मोठे वाढदिवस झाले तेव्हा हद्द कशी ठरवलीत? एकत्र खातं असताना पैसे कुठून काढलेत? आणि नंतर जोडीदाराला आकडा कळला तेव्हा काय झालं?

--

भर : इतक्या आपुलकीने लिहिलंत, मनापासून आभार. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच एकत्र लिहिते.

"पन्नाशी एकदाच येते" असं बऱ्याच जणांनी लिहिलं. खरं आहे, पण साठीही एकदाच येते आणि मुलीचं कॉलेजही. प्रसंग मोठा आहे म्हणून तयारी मोठी करावी, हे मला पटतं. किंमतही त्याच पटीत वाढवावी, हे नाही पटत.

हप्त्यांवर घ्या, कळणारही नाही, हा सल्ला मी घेणार नाही. वाढदिवस होऊन जाईल आणि हप्ते दर महिन्याला येत राहतील. शिवाय घरात एक कर्ज असताना त्याच्या नकळत दुसरं काढणं मला भेटीच्या उलट वाटतं. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशालाही हात लावणार नाही.

एकत्र खात्यातून पैसे गेले की दोघांच्याही फोनवर संदेश येतो, ही आठवण करून देणाऱ्या ताईंचे विशेष आभार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं एक जुनं स्वतंत्र खातं आहे. माझ्या वरखर्चातून दर महिन्याला थोडं तिकडे वळवायला सुरुवात केली आहे. सगळी रक्कम त्यातून जमणार नाही, पण निम्म्याहून जास्त जमेल, आणि त्या भागाबद्दल तरी "माझेच पैसे मला दिलेस" असं त्याला म्हणता येणार नाही.

"त्यालाच विचार" म्हणणाऱ्यांशी आधी मी सहमत नव्हते. अचानक देण्यातली गंमत घालवायची नव्हती. पण फ्रान्चेस्का जीनो आणि फ्लिन यांचं 2011 चं काम कुणीतरी इथे सुचवलं, ते वाचलं. लोकांना आपण मागितलेली वस्तू मिळाली की जास्त आवडते. देणारा मात्र समजतो की न मागता, स्वतः विचार करून दिलेलं तितकंच भावेल. दुर्बिणीच्या बाबतीत तर हे फारच खरं असणार. कुठली बैठक, कुठली नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), यातलं मला काय कळतंय? मी चुकीची आणली तर तो कधी बोलून दाखवणार नाही, आणि तेच मला नकोय.

"उत्तम दुर्बीण म्हणजे जी सगळ्यात जास्त वेळा बाहेर काढली जाते ती," असं आकाश बघणारे म्हणतात. इथेही दोघांनी तेच लिहिलं. त्यावरून 10 इंची यादीतून काढली. सुटल्यासारखं वाटलं, म्हणजे निर्णय बरोबर असावा.

तर हद्द ठरली आहे : सगळं मिळून दोन महिन्यांची बचत. ही ठरवताना मी स्वतःशी एकच कसोटी लावली. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "खरं सांग, कितीला पडली?" तर मला आकडा जसाच्या तसा सांगता आला पाहिजे. ऑफर होती, सूट मिळाली, असली सारवासारव न करता. चार महिन्यांचा आकडा मला तसा सांगता आला नसता. दोन महिन्यांचा सांगू शकते, त्याची कारणंही सांगू शकते. "सगळं मिळून" हे महत्त्वाचं, कारण दुर्बिणीसोबत सहसा एक-दोनच नेत्रिका येतात, आणि जास्तीच्या नेत्रिका, सूर्य बघायचा तर पुढून लावायचा प्रमाणित फिल्टर, पिशवी असं करत खर्च सहज वाढतो. (फिल्टरशिवाय सूर्याकडे दुर्बीण वळवली तर डोळा कायमचा जाऊ शकतो, म्हणून यात काटकसर नाही.)

त्या हद्दीत दोन पर्याय बसतात. एक, 8 इंची आणि थोडं जोडसामान. दोन, 6 इंची आणि उरलेल्या पैशात चार दिवस कुठेतरी खरोखर अंधाऱ्या आकाशाखाली, तिघांनीही. दुसऱ्याकडे माझा कल आहे. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर यांनी 2017 मध्ये दाखवलंय की अनुभवाची भेट वस्तूपेक्षा नातं जास्त घट्ट करते, आणि मुलगी घराबाहेर पडायच्या आधी असे चार दिवस मिळाले तर मलाही हवेच आहेत. पण इथे माझी हौस त्याच्या हौसेत मिसळतेय हेही मला दिसतंय. म्हणून वाढदिवसाच्या सकाळी दोन्ही पर्याय एका कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवायचे आणि निवड त्याला करू द्यायची, असं ठरवलंय.

आता एकच विचारायचं राहिलं. त्या कागदावर हद्दीचा आकडा लिहू का? लिहिला तर तो हमखास त्याहून स्वस्त काहीतरी शोधून काढेल आणि वाचलेले पैसे मुलीच्या फीला लावेल. न लिहावा तर निवड मोकळेपणाने कशी करणार? ज्यांचे जोडीदार असेच स्वतःवर खर्च करायला कचरणारे आहेत, त्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय केलंत?